पावसाळ्यात बाथ बॉम्ब फुगतात, फुटतात, मऊ पडतात: नाशिकच्या हवेत ते टिकवायचे कसे

इंदिरानगरच्या एका ताईंनी विचारलंय, त्यांचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. जुलैपासून त्या घरी बाथ बॉम्ब, म्हणजे अंघोळीच्या पाण्यात टाकले की फसफसून विरघळणारे गोळे, करतायत, दोन वाट्या खायचा सोडा, एक वाटी सायट्रिक ॲसिड, अर्धी वाटी एप्सम सॉल्ट, पाव वाटी कॉर्नफ्लॉवर, थोडं खोबरेल आणि बांधायला गुलाबपाण्याचा स्प्रे. संध्याकाळी छान गोल गोळे निघतात आणि सकाळी बघावं तर एखादा पसरलेला, एखाद्याच्या अंगावर चामखिळीसारखे फोड, दोन तर साच्याचं झाकण उचलून बाहेर आलेले. मग त्यांनी फ्रीजमध्ये ठेवून बघितले तर ते आणखीच चिकट झाले. त्यातल्या त्यात बरे होते ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून भाचीला पाठवले, तिने बादलीत टाकला तर दगडासारखा तळाला जाऊन बसला, फेस नाही की काही नाही. आता दिवाळीच्या अभ्यंगासाठी साठ नगांची ऑर्डर घेऊन बसल्यात आणि विचारतायत की नाशिकच्या पावसात हे जमतच नाही का, नाही म्हणून सांगू का.

ताई, नाही म्हणू नका. मी म्हसरूळला राहते, साबण आणि बाथ बॉम्ब करायला लागून नऊ वर्षं झाली आणि या नऊही पावसाळ्यांत मी बॉम्ब केलेत, गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर येऊन नदीपात्रातला दुतोंड्या मारुती गळ्यापर्यंत बुडालेला असताना सुद्धा केलेत आणि ते नीट फसफसलेत. पण तुमची रेसिपी वाचून एक गोष्ट आधी सांगायलाच हवी. तुम्हाला वाटतंय की हवेतल्या ओलाव्याने घात केला. हवेचा हात आहेच, पण त्या गोळ्यातलं बरंचसं पाणी तुम्ही स्वतः वाटीने मोजून घातलंय, ते आधी काढू, मग हवेकडे बघू.

बॉम्बमध्ये होतं काय ते एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. सोडा आणि सायट्रिक ॲसिड दोन्ही कोरडे असले की शेजारी शेजारी वर्षभर गप्प बसतात, पाणी मिळालं की दोघं भिडतात आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच तो फेस. आपल्या घरातली ईनोची पुडी म्हणजे हेच, पाच ग्रॅमच्या पुडीवर वाचून बघा, स्वर्जिक्षार २.२९ ग्रॅम आणि निम्बुकाम्लम २.१८ ग्रॅम, म्हणजे सोडा आणि सायट्रिक ॲसिड. बाथ बॉम्ब ही कल्पना सुद्धा तिथूनच आली, इंग्लंडमध्ये १९८९ साली मो कॉन्स्टंटाइन या बाईंनी पोटातल्या ॲसिडिटीवरच्या फसफसणाऱ्या गोळीवरून पहिला बाथ बॉम्ब केला, पुढे त्यांच्याच लश कंपनीने तो जगभर नेला. पण खरी मेख वेगळीच आहे. सोडा आणि ॲसिड भिडले की गॅस तर सुटतोच, पण त्यातून पाणी पण तयार होतं. १९२ ग्रॅम कोरडं सायट्रिक ॲसिड २५२ ग्रॅम सोड्याबरोबर पूर्ण संपलं तर ५४ ग्रॅम पाणी निघतं. ते नवं पाणी शेजारच्या कणांना भिजवतं, तिथे पुन्हा तेच, पुन्हा पाणी. म्हणून रात्री एका जागी ठिपकाभर ओल लागली की सकाळपर्यंत तिथे फोड येतो, आणि म्हणूनच "थोडंसंच तर पाणी शिंपडलं" हे इथे चालत नाही. लाडवाला दुधाचा हबका जास्त झाला तर लाडू मऊ होतो आणि तिथे थांबतो, इथे ते थांबत नाही.

आता तुमच्या वाट्यांचा हिशोब करू. एप्सम सॉल्ट दिसायला कोरडं, खडखडीत, पण त्याच्या वजनातलं अर्ध्याहून जास्त, ५१ टक्के, पाणीच असतं, स्फटिकात बांधलेलं. १०० ग्रॅम घातलं म्हणजे ५१ ग्रॅम पाणी आत घेऊन गेलात. ते लगेच सुटत नाही हे खरं, पण गोळा जरा गरम झाला, दुपारी पत्र्याखाली तापला, की थोडं थोडं सुटायला लागतं आणि शेजारी ॲसिड वाटच बघत असतं. एप्सम सॉल्ट भट्टीत वाळवायच्या फंदातही पडू नका, पन्नास डिग्रीच्या आसपास ते स्वतःच्याच पाण्यात ओलं व्हायला लागतं. जून ते ऑक्टोबर एप्सम सॉल्ट बंद, ज्यांना पाय शेकायला हवं त्यांना वेगळ्या पुडीत द्या. समुद्री मिठाचं पण तेच, त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते ती त्याच्यामुळेच.

दुसरं सायट्रिक ॲसिड. बाजारात हे दोन प्रकारचं येतं, एक अनहायड्रस म्हणजे निर्जल आणि एक मोनोहायड्रेट, ज्याच्यात वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास पाणी स्फटिकातच असतं. सुट्टं घेतलं तर दुकानदाराला सुद्धा बऱ्याचदा माहीत नसतं कुठलं आहे, दिसायला दोन्ही साखरेसारखीच. मला एका दुकानाने दोन वर्षं अनहायड्रस म्हणून मोनोहायड्रेट दिलं आणि मी दोन वर्षं पावसाला दोष देत बसले. घरी तपासायचं असेल तर १०० ग्रॅम घ्या, काचेच्या ट्रेमध्ये पातळ पसरा, ओटीजीत म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये ७० डिग्रीला दोन-तीन तास ठेवा आणि पुन्हा वजन करा. शंभराचे ९२ झाले तर मोनोहायड्रेट होतं, ९९ राहिले तर माल चांगला. ट्रे काचेचाच घ्या, ॲल्युमिनियमवर आंबट पदार्थ नको. आणि यात एक फायदाही झाला, तपासताना ते वाळलं पण, गार झालं की मिक्सरमध्ये फिरवा, चाळा आणि लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत. फिरवताना तोंडाला मास्क लावा, त्याची धूळ नाकात गेली तर डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. उघडं सायट्रिक ॲसिड पावसाळ्यात ओट्यावर ठेवू नका, हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की ते पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या सकाळी आर्द्रता त्याच्या बरीच वर असते.

सोडा मात्र वाळवायला भट्टीत घालू नका, ही चूक फार जण करतात. खायचा सोडा पन्नास-साठ डिग्रीच्या वर हळूहळू आणि ऐंशीच्या वर भराभर मोडतो, गॅस आणि पाणी सोडतो आणि मागे राहतो धुण्याचा सोडा, जो अंगाला लागला तर आग होते. सोडा बंद पाकिटातला घ्या, फोडला की त्याच दिवशी संपवा. किराण्यात नुसता "सोडा द्या" म्हणू नका, खायचा म्हणून सांगा, पाकिटावर वाचा.

कॉर्नफ्लॉवरमध्ये बारा टक्क्यांच्या आसपास ओल असते, पण ते वाळवता येतं, १०० डिग्रीला तासभर, पातळ थरात, आणि गरम असतानाच बरणीत. असं वाळवलेलं कॉर्नफ्लॉवर पावसाळ्यात तुमच्या बाजूने काम करतं, इकडचा तिकडचा ओलावा ते आधी पिऊन घेतं. आणि गुलाबपाणी, ताई, ते पाणीच आहे हो. नाशिकला कधी काळी गुलशनाबाद म्हणायचे, इथे गुलाबाचा मोह होणारच, मलाही होतो, पण वास हवा तर गुलाबाचं तेल घाला, पाणी नाही. मध, ग्लिसरीन, साखर, कोरफडीचा गर, दुधाची पावडर, ज्या ज्या गोष्टी त्वचा ओली ठेवतात म्हणून आपल्याला आवडतात त्या सगळ्या हवेतलं पाणी ओढतात किंवा ओल आणतात, चार महिने त्या साबणाला राहू द्या.

माझं पावसाळी माप सांगते, वाटीने नाही, वजनकाट्याने. सोडा ३०० ग्रॅम, निर्जल सायट्रिक ॲसिड १५० ग्रॅम, वाळवलेलं कॉर्नफ्लॉवर ३० ग्रॅम, केओलिन म्हणजे पांढरी चिकणमाती १५ ग्रॅम, कोकम बटर १२ ग्रॅम, खोबरेल ६ ग्रॅम, पॉलिसॉर्बेट ८० चार ग्रॅम आणि सुगंधी तेल चार-पाच ग्रॅम. दोनास एक हे प्रमाण मुद्दाम आहे, १५० ग्रॅम ॲसिडला खरं तर १९७ ग्रॅम सोडा पुरतो, उरलेला सोडा पाणी मऊ करतो आणि मुख्य म्हणजे ॲसिडचा कण न कण सोड्यात लपेटला जातो, कातडीला आंबटपणा बोचत नाही. पॉलिसॉर्बेटमुळे तेल पाण्यात मिसळतं, नाहीतर फरशीवर तवंग राहतो आणि बादलीने अंघोळ करणारा माणूस घसरतो. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांनी तेल आणखी कमी करा.

कोकम बटर का, तर ते आपल्या शेजारच्या कोकणातलं आणि कडक आहे. कोकणात त्याला मुठेल म्हणतात, पायाच्या भेगांना लावतात. ३८-४० डिग्रीपर्यंत ते घट्ट राहतं आणि खोबरेल पंचविशीलाच पातळ होतं, आपल्या पावसाळ्यात खोलीचं तापमान बहुतेक त्याच्या वरच असतं, म्हणजे नुसत्या खोबरेलाचा बॉम्ब कायम मऊच राहणार. कोकम बटर गोळ्याला आतून धरून ठेवतं आणि पाण्याशिवाय धरतं, त्यामुळे स्प्रे कमी लागतो.

कालवायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी सोडा, कॉर्नफ्लॉवर, केओलिन चाळून एकत्र करा, त्यात वितळलेलं कोकम बटर, खोबरेल, पॉलिसॉर्बेट, सुगंध आणि रंग, सगळं हाताने चोळा, करंजीच्या पिठाला तुपाचं मोहन चोळतो तसं, एकही गोळी राहता कामा नये. प्रत्येक कणाला तेलाचा हात लागला पाहिजे. मग शेवटी ॲसिड. पुष्कळ जण ॲसिड आधी घालतात, कोरड्या हवेत चालून जातं पण आपल्याकडे तेवढा वेळ ते उघड्यावर राहतं. हातात नायट्राइल ग्लोव्हज घाला, तळहाताला घाम असतोच आणि पावसाळ्यात जरा जास्तच.

आता मूठ बघायची. मिश्रण मुठीत घट्ट दाबा, मुटका करा आणि मूठ उघडा. भुगा झाला तर कमी आहे. मुटका टिकला तर त्याला अंगठ्याने हलकं ढकला, मधोमध दोन तुकडे झाले आणि कडा ओघळली नाही की बास, याच्या पुढे एक थेंबही नको. अंगठ्याचा ठसा चकचकीत दिसला किंवा कानाजवळ धरल्यावर बारीक चर्र ऐकू आलं तर जास्त झालंय, मग तो लॉट साच्यात घालूच नका. कमी वाटलं तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल बारीक स्प्रेने, एक फवारा, चोळा, पुन्हा मूठ, असं. अर्धा किलोच्या घाण्याला मला पाच ते आठ मिली लागतं. केमिस्टकडचं ७० टक्क्यांचं घेऊ नका, त्यात तीस टक्के पाणी आहे, सॅनिटायझर तर नकोच. हे अल्कोहोल भक्कन पेट घेतं, म्हणून गॅस बंद, देवघरातला दिवा शांत झालेला आणि शेजारी कुणी उदबत्ती लावणार नाही हे बघा.

साचा स्टीलचा घ्या, कोरडा. सिलिकॉनमध्ये खालून हवा लागत नाही, अल्कोहोल अडकून राहतं आणि गोळा वर फुगतो, तुमचा साचा सिलिकॉनचा असेल तर दोन गोळे झाकण उचलून आले त्यात त्याचाही हात असणार. दोन्ही वाट्या शिगोशीग भरा, दाबा, एक-दोनदा टक्टक् करा आणि लगेच बाहेर काढा. साठ नगांचा एकच मोठा घाणा कधीच करू नका. अर्ध्या किलोत पस्तीस ग्रॅमचे साधारण पंधरा होतात, तेवढे पंधरा-वीस मिनिटांत संपतात, त्याहून जास्त वेळ परातीत पडलं की हवा आपलं काम सुरू करते. आणि हो, पस्तीस ग्रॅमच. दोनशे ग्रॅमचे मोठे गोळे टबसाठी असतात, आपल्याकडे टब किती घरांत आहे, बादलीला आणि पाय शेकायच्या घमेल्याला लहान गोळा पुरतो, आणि तो आतपर्यंत लवकर वाळतो, मोठ्याचं पोट ओलंच राहतं.

खोलीचं बोलू. तीन-चारशे रुपयांचा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता टक्क्यांत दाखवणारं यंत्र, आणा, अंदाजाने काही कळत नाही, मला नऊ वर्षांनंतरही कळत नाही. ५५ च्या खाली असेल तर बिनधास्त करा, ६० पर्यंत भराभर उरका, त्याच्या वर साहित्य बाहेरच काढू नका. पावसाळ्यात सुद्धा उघडीप मिळाली, ऊन पडलं की दुपारी दोन ते चारमध्ये आकडा बराच खाली येतो, पहाटे सगळ्यात वर असतो, त्यामुळे सगळी कामं उरकून रात्री निवांत करू हा बेत इथे उलटा पडतो. एसी असेल तर ड्राय मोडवर दोन तास आधी लावून दारं-खिडक्या बंद, माझ्याकडे ४५-५० पर्यंत येतं. पाण्याचा कूलर चुकूनही नको. आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी कुणी बोलत नाही ती म्हणजे हॉलमध्ये दोरीवर वाळत घातलेले कपडे. मशीनचा एक घाणा वाळताना दोन लिटरच्या आसपास पाणी घराच्या हवेत सोडतो. मी एकदा सगळं काटेकोर करूनही बॉम्ब फुगले, हायग्रोमीटर ७४, बाहेर ऊन, आणि मागे बघते तर मुलांचे युनिफॉर्म पंख्याखाली वाळतायत. त्या दिवसापासून बॉम्बच्या दिवशी आमच्याकडे कपडे धुवायचे नाहीत आणि कुकर सकाळीच लावून ठेवायचा.

त्र्यंबकला माझी मावसबहीण आहे, तिथे ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि तिच्याकडे एसीही नाही, ती फक्त कोरड्या डब्यावर निभावते, आणि तुमच्यासाठीही तोच खरा उपाय आहे. मोठा एअरटाइट डबा घ्या, तळाला किलोभर सिलिका जेल म्हणजे ओल शोषणारे दाणे, त्याच्यावर स्टीलची जाळी आणि जाळीवर बॉम्ब एकमेकांना न चिकटता. साच्यातून काढल्यावर तासभर पंख्याखाली ठेवायचे म्हणजे अल्कोहोल उडून जातं, त्याहून जास्त नाही, कारण नंतर पंखा नवी दमट हवाच आणून घालतो. मग डब्यात २४ तास, झाकण घट्ट. सिलिका नारंगी घ्या, ओली झाली की हिरवी पडते, ओटीजीत ११०-१२० डिग्रीला दोन-तीन तास ठेवली की पुन्हा नारंगी. निळी येते तिच्यात कोबाल्ट असतो, ती घरात नको. आणि नाशिककरांसाठी खास सांगते, द्राक्षाच्या पेट्यांमधले जे कागदी पॅड असतात ते कुणाच्या ना कुणाच्या घरी पडलेले असतात, ते ओल शोषणारे नाहीत, ओल लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो, द्राक्षाला बुरशी लागू नये म्हणून. डब्यात ते अजिबात घालू नका. कळीचा चुनाही नको, पाणी लागलं की तो भाजतो.

फ्रीजने चिकट का केले तेही सांगते. चार डिग्रीचा गोळा बाहेरच्या हवेत आला की थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसा गोळ्याला येतो. एसीच्या खोलीतून काढतानाही हेच होतं, खोली २२ डिग्री आणि बाहेर २७ डिग्रीला नव्वद टक्के आर्द्रता असेल तर गोळ्यावर दव धरणारच, म्हणून एसीच्या खोलीतच डब्यात भरायचे आणि डबा बंद करूनच दार उघडायचं.

वाळले की नाही हे बोटाने नाही, वजनाने बघा. एका गोळ्याला खूण करा. पहिल्या दिवशी वजन थोडं उतरतं, ते अल्कोहोल. दुसऱ्या दिवसापासून ते जागेवर थांबलं पाहिजे. चढत असेल तर डब्यात हवा शिरतेय. उतरतच राहिलं आणि गोळा मोठा दिसायला लागला तर आत फेस सुरू झालाय, गॅस निघून चाललाय, तो लॉट कुणाला देऊ नका, चुरून स्वतः आठवड्याभरात पाय शेकायला वापरा. चुरा नव्या मिश्रणात मिसळायचा नाही, तो ओल घेऊन येतो.

पॅकिंगमध्ये माझं एकदा मोठं नुकसान झालं. तिसऱ्या वर्षी एका ऑफिसची चाळीस डब्यांची ऑर्डर होती, घाईत सकाळचे बॉम्ब संध्याकाळीच क्लिंग फिल्म लावून डब्यात भरले. रात्री टप्, टप् आवाज यायला लागले, उठून बघते तर डब्यांची झाकणं सुटतायत. कच्चा गोळा गुंडाळला की आतली ओल आतच राहते आणि गॅसला जागा लागते. त्या रात्री मला रडू आलं होतं, सगळे पैसे परत केले. आणि वाळलेला गोळा असला तरी क्लिंग फिल्म आणि साधी पिशवी पाण्याची वाफ आत येऊ देतात, हळू पण येतेच. तुमच्या भाचीचा गोळा दगड झाला तो असाच, पिशवीतल्या पिशवीत रोज थोडा थोडा खर्च होऊन गेला. फसफसणाऱ्या गोळ्या करणारे कारखाने खोलीतली आर्द्रता २५ टक्के किंवा त्याहून कमी ठेवतात आणि तरी वर फॉइलची पुडी करतात, आपण तर पन्नासला करतो. म्हणून चंदेरी फॉइलचे पाऊच, आतून चकचकीत असतात ते, दोन पूर्ण दिवसांनंतर भरा, सोबत सिलिकाची दोन ग्रॅमची पुडी आणि हीट सीलर. फॉइलवर मग हवा तो कागद, हवी ती गोंड्याची दोरी लावा.

अभ्यंगाची ऑर्डर आहे म्हणजे कुणीतरी हळद-चंदन मागणारच. चंदन पावडर वाळवून चिमूटभर घाला. हळद घातलीत तर ती तुमच्यासाठी ओल पकडणारा दूतच आहे. हळदीला चुना लावून आपण कुंकू करतो, तसंच ओल लागली की सोड्याच्या जोरावर हळद तांबूस होते, त्यामुळे पिवळ्या गोळ्यावर तांबडे ठिपके दिसले की तिथे पाणी पोचलंय हे फोड यायच्या आधीच कळतं. मी प्रत्येक पावसाळी लॉटमध्ये एक गोळा मुद्दाम हळदीचा करते, विकायला नाही, बघायला. गुलाबाच्या पाकळ्या कितीही वाळलेल्या असल्या तरी गोळ्याच्या आत नको, नंतर पाऊचमध्ये सुट्ट्या टाका, आत दाबल्या तर प्रत्येक पाकळीभोवती खड्डा पडतो.

विकताय म्हणून एक गंभीर गोष्ट. बाथ बॉम्ब कायद्याने कॉस्मेटिक आहे, कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे विक्रीसाठी बनवायला लायसन्स लागतं, आपल्याकडे ते काम एफडीए म्हणजे राज्याचं अन्न व औषध प्रशासन बघतं. नात्यात भेट देणं वेगळं, पैसे घेऊन ऑर्डर घेणं वेगळं. साठ नगांनंतर शंभर होतील, पण पहिला नग विकायच्या आधीच चौकशी करून घ्या किंवा लायसन्स असलेल्या एखाद्या बाईच्या युनिटमध्ये करून घ्या.

वेळेचं असं ठरवा. पाऊस आपल्याकडून बहुतेक ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत परततो आणि मग दुपारचा आकडा आपोआप खाली येतो. साठ नग आत्ता करून ठेवू नका. या आठवड्यात फक्त पंधरांचा एक घाणा करा, पाच डब्यात सिलिकावर, पाच फॉइलमध्ये, पाच साध्या पिशवीत, सगळ्यांवर तारीख आणि वजन. सातव्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी प्रत्येकातून पाच ग्रॅमचा तुकडा काढून पेलाभर पाण्यात टाका आणि मोबाइलवर वेळ लावून फेस किती सेकंद चालतो ते लिहून ठेवा. मग दिवाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत चार दुपारी, चार घाणे.

आणि मोदकाचा साचा वापरणार असाल, सुंदर दिसतात, मीही वापरते, तर पाऊचच्या दोन्ही बाजूंना मोठ्या ठळक अक्षरात "खाण्याचा पदार्थ नाही" लिहा. दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी ठेवलेला पिवळा, वासाचा मोदक लहान पोराने उचलला तर त्याला काय कळणार.